घरटी एक माणूस

न्यायशास्त्राने जगात जाणण्याजोगे जे काही आहे ते सोळा पदार्थांत बसवले आहे. त्या सोळांत 'प्रशिक्षण' नाही. प्राचीनांची ही त्रुटी १९९६ साली आमच्या कंपनीने भरून काढली आणि त्या कामी साधन म्हणून माझी योजना केली. साधनाला त्याचे मत विचारण्याचा प्रघात नसतो.

आमची कंपनी रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवते. मी राहतो पेणला आणि एकोणीस वर्षे रोज गाडीने रोह्याला जाऊन कंपनीचा पत्रव्यवहार व भाषांतरे सांभाळतो. बॉयलरजवळची 'येथे थुंकू नये' ही पाटी माझी आहे. 'थुंकणे वर्ज्य आहे' हा माझा मूळ पाठ व्यवस्थापनाने फेटाळला, आणि थुंकणाऱ्यांनी दोन्ही पाठांना समान वागणूक दिली. माझ्या नावामागे तर्कशास्त्रातली डॉक्टरेट आहे. ती मिळाली त्याच वर्षी एका महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या अध्यापकाची जागा निघाली, आणि ती संस्थेच्या एका विश्वस्तांच्या भाच्याला मिळाली. त्या भाच्याविषयी मी काही बोलणार नाही. मी त्याच्याविषयी काही बोलत नाही हे पेणमध्ये सर्वांना ठाऊक आहे, कारण मी ते एकोणीस वर्षे सांगत आलो आहे.

मला फक्त एक वर्ग हवा होता. पगार नको, पद नको. फळा, खडू, समोर तीस-चाळीस माणसे, आणि त्यांतल्या एकाने बोलता बोलता मला अडवून 'पण सर...' एवढे म्हणावे. माणसाच्या इच्छा यापेक्षा मोठ्या असतात आणि पूर्णही होतात, असे वाचले आहे.

तर त्या वर्षीच्या मे महिन्यात आमचे कार्मिक व्यवस्थापक मिथुन सबनीस यांनी मला बोलावले. वय अठ्ठावीस, टायवर बदके.

"डॉक्टरसाहेब, परदेशातल्या पार्ट्यांना दर्जाचं सर्टिफिकेट हवंय. ऑक्टोबरात ऑडिटर येणार. त्याआधी कंपनीतल्या प्रत्येक माणसाचं ट्रेनिंग झालेलं पाहिजे. प्लॅन तुम्ही करा, शिकवा पण तुम्हीच. जमलं, तर ट्रेनिंग विभाग कायमचा. तुम्ही प्रमुख. स्वतंत्र खोली."

"खोलीत फळा असेल?"

"फळा, पंखा, सगळं."

"आणि नाही जमलं तर?"

त्यांनी बदके सरळ केली. "स्टोअर्समध्ये लेबलं लिहायला माणूस कमी पडतोय म्हणतात."

मी सात दिवसांत एकशे अठरा पृष्ठांची योजना सादर केली. तिचे पहिले प्रकरण 'ज्ञान म्हणजे काय' हे होते. सबनीसांनी तिचे वजन दोन्ही हातांनी अजमावले आणि ती एका पानावर मागितली. मी एका पानावर दिली. त्यांनी ती भिंतीवर लावण्यासाठी चौकटीत मागितली. चौकटीत दिली, तर ती पाहून मुंबईहून आलेल्या सल्लागाराने विचारले, की या तक्त्याचा दस्तऐवज क्रमांक काय? इथून त्या सल्लागाराचे माझ्या आयुष्यात आगमन झाले. त्याच्या मते कंपनीत लिहिलेले प्रत्येक अक्षर हा दस्तऐवज असतो. त्याला क्रमांक हवा, आवृत्ती हवी, आणि तो रद्द करताना अधिकाऱ्याची सही हवी.

"फळ्यावर लिहिलेलेसुद्धा?" मी उपरोधाने विचारले.

आयुष्यात उपरोध फार जपून वापरावा. सल्लागाराने वहीत टिपून घेतले. तेव्हापासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'आवृत्ती १' असे लिहिणे मला भाग पडले, आणि पुसण्यापूर्वी सबनीसांची सही आणावी लागू लागली. पुढे त्यांनी मला कोऱ्या अर्जांवर एकदम पन्नास सह्या करून दिल्या. विद्येच्या इतिहासात डस्टर चालवण्याचे मुखत्यारपत्र मिळालेला मी पहिलाच पंडित असेन.

याच सल्लागाराने हजेरीचा नियमही घातला: नावे घ्यायची नाहीत, बिल्ल्याचा क्रमांक पुकारायचा. नावात चुका होतात, क्रमांकात होत नाहीत. मी विरोध केला; पण त्या विरोधाला दस्तऐवज क्रमांक नव्हता. खरे सांगायचे तर मला फार फरकही पडणार नव्हता. कामगारांचे चेहरे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या नावांच्या शुद्धलेखनाशी तेवढा माझा परिचय होता.

आता केंद्रे. कामगार दोन प्रकारचे: रोह्याकडचे, म्हणजे कोलाडपर्यंतच्या आतल्या गावांतले, भात आणि वाल पिकवणारे, आणि पेणकडचे, म्हणजे खाडीकाठच्या खारेपाटातले, मिठागरांवरचे. रोहेकरांचा वर्ग मंगळवारी कंपनीच्या कँटीनमध्ये ठरला. पेणकरांचा गुरुवारी पेणला. पण पेणला कुठे? जून ते गणेशचतुर्थी या काळात पेणमध्ये रिकामे सभागृह शोधणे हा असत्कार्यवाद आहे, म्हणजे मुळात नसलेले उत्पन्न करणे. शाळेच्या हॉलमध्ये गणपती, मंगल कार्यालयात गणपती, एका वकिलांच्या बैठकीतही पक्षकारांच्या खुर्च्यांवर गणपती सुकत होते.

माझ्या शेजारी चंद्रावतीकाकू राहतात. माझ्या आयुष्यात काय चुकले याची माझ्याहून तपशीलवार नोंद त्यांच्याजवळ आहे. त्या म्हणाल्या, "अहो वासूभाऊ, एवढं काय कपाळाला आठ्या घालून फिरताय? माझ्या भावाच्या कारखान्यात मागची पडवी आहे. गणपती थोडे सरकवून घेतील. पण एक अट आहे हो, तुम्ही हातवारे फार करता. सोंडेला हात लागला तर मूर्ती तुमची."

अशा रीतीने मला माझे पहिले अध्यासन मिळाले. समोर बत्तीस माणसांची जागा, आणि त्यांच्यामागे तीन बाजूंनी फळ्यांवर रचलेले तीनशे पांढरे गणपती. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते, त्यामुळे माझ्या श्रोत्यांपैकी बहुसंख्यांना अजून डोळे नव्हते. कान मात्र सर्वांचे मोठे होते. सुरुवातीला मला याहून अधिक अपेक्षाही नव्हती.

राहिले परिपत्रक. ते मी स्वतः लिहिले: 'कारखान्यातील प्रत्येक घटकाची उपस्थिती अनिवार्य असून अनुपस्थितास दंड करण्यात येईल.' ते कँटीनच्या दारावर लागले. त्यापुढे चार दिवस कामगार उभे राहत आणि निघून जात. शेवटी पुंडलिक म्हात्रे याने त्याचा उलगडा केला. पुंडलिक हा युनियनचा पुढारी, खारेपाटातला, आवाज भोंग्यासारखा. मी कँटीनच्या दुसऱ्या टोकाला चहा घेत होतो; त्याने भाष्य केल्याचे पाहिले, गलक्यात शब्द कळले नाहीत, पण माणसांनी माना हलवल्या. मला समाधान वाटले. चांगल्या ग्रंथाला भाष्यकार मिळतोच.

रोह्याचा पहिला तास झाला. 'आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे' एवढे वाक्य मी फळ्यावर लिहून वळलो, तेव्हा एकेचाळीसपैकी छत्तीस माणसे झोपली होती. पाच जागे होते ते झोपायला जागा न मिळाल्यामुळे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दोष देता येत नाही, म्हणून मी तो भाच्याला दिला.

आणि मग पेण.

त्या गुरुवारी मी पडवीत शिरलो तेव्हा बत्तीसच्या बत्तीस माणसे टिपटाप बसलेली होती. पुढे चौदा बायका. पॅकिंग विभागात बायका आहेत हे मला माहीत होते. इतक्या आहेत हे नव्हते. मी क्रमांक पुकारले. "दोनशे सत्तावीस?" "हाय!" असा खणखणीत आवाज दुसऱ्या रांगेतून आला. आवाजाची मालकीण पस्तिशीची, रापलेल्या हातांची, आणि तिने पेन्सिलीला घरून टोक काढून आणले होते. पेन्सिलीला टोक! एकोणीस वर्षांत माझ्यासाठी कोणी टोक काढले नव्हते.

मी पाठ बाजूला ठेवला आणि न्याय शिकवायला लागलो. दर्जाच्या नियमावलीत 'दोषाचे मूळ कारण शोधणे' असे एक कलम आहे. त्या कलमाच्या आडोशाने मी संपूर्ण अनुमानखंड आत आणला.

"डोंगरावर आग आहे," मी म्हटले. "कशावरून? धूर दिसतो म्हणून. जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. जसे आपले स्वयंपाकघर. पटले?"

"व्हय," बत्तीस जण म्हणाले.

"मग उलट म्हणता येईल का? जिथे जिथे आग, तिथे तिथे धूर?"

"व्हय."

"नाय," दोनशे सत्तावीस म्हणाली.

शेजारची बाई तिला कोपराने ढोसून पुटपुटली, "गप बस गो, सर बोलतान ना."

"नाय, पण सर," ती म्हणाली, "माझा भावूस डोलवीला कंपनीत कंत्राटावर हाय. तो बोलतो, लोखंड लाल लाल व्हतं, जवल उभं रावत नाय, पण धूर काय नाय त्याला. मंग?"

वाचकांस सांगायला हवे, की जिथे आग तिथे धूर हे खोडून काढण्यासाठी आमच्या शास्त्राने शतकानुशतके एकच उदाहरण वापरले आहे: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही. पिढ्यान्‌पिढ्या पंडितांनी ते एकमेकांकडून घोकून घेतले. ही बाई ते भावाकडून, डोलवीहून, थेट घेऊन आली होती.

मी खडू खाली ठेवला. हात वर गेला तो एका सोंडेला लागता लागता राहिला.

"तुमचे नाव काय?" मी नियम मोडून विचारले.

"सगुणा," ती म्हणाली आणि चपापली. "नंबर दोनशे सत्तावीस."

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. मूर्तिकारांना महिनाभर सवड मिळाली आणि मलाही. असे अकरा गुरुवार मला लाभले. आता वाटते, आयुष्य हे नाव द्यावे असे माझ्याजवळ तेवढेच काय ते आहे. मी शिकवायचो, ते भांडायचे. एका पाठाला 'कारण आधी की कार्य आधी' यावर दोन विहिणींत असा वाद पेटला, की भावाकडे आलेल्या चंद्रावतीकाकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "वासूभाऊ, शिकवताय की लावून देताय?" मागच्या फळ्यांवर दर आठवड्याला रंग चढत गेला, आधी पितांबरे, मग मुकुट.

काही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या नाहीत असे नाही. क्रमांक एकशे अठरा एका गुरुवारी सत्तरीचा म्हातारा असे आणि पुढच्या गुरुवारी मिशा नुकत्याच फुटलेला तरुण. मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. क्रमांक तीनशे चार एकदा तान्हे मूल घेऊन आली; कंपनीच्या पाळणाघराच्या अभावावर मी सबनीसांना तिखट टिपण पाठवले. रोहेकर झोपतात आणि पेणकर वाद घालतात, या भेदाची मी मीमांसाही केली: खारी हवा बुद्धीला उत्तेजक असावी. त्यावर एक निबंध लिहायला घेतला आणि त्याची एकवीस पाने झाली. धूर इतका दिसत असताना आग न दिसणारा माणूस तर्कशास्त्राचा पंडित असू शकतो, हे मी आता अनुभवाने सांगतो.

अकराव्या गुरुवारी मी हेत्वाभास सुरू केले. खऱ्या कारणासारखे दिसणारे खोटे कारण म्हणजे हेत्वाभास. त्याच्या पाच जाती. दोन झाल्या, तोच चंद्रावतीकाकूंचा भाऊ बारीक कुंचला घेऊन डोकावला. "सर, आता आखणी. उद्यापासून पडवी लागेल मला." "उरलेल्या तीन पुढच्या वेळी," मी वर्गाला म्हटले. पुढची वेळ असते असे मी तेव्हा मानत होतो. निघताना मागे पाहिले, तर सर्वांत पुढच्या एका मूर्तीला डोळे आले होते. ती एकटी माझ्याकडे पाहत होती.

ऑक्टोबरात ऑडिटर आले. कोरडे, सौम्य, हातात पाटी आणि तिला अडकवलेली यादी. सबनीस नव्या टायमध्ये, मी धुतलेल्या सदऱ्यात, मागे सल्लागार. ऑडिटरांनी पेणच्या हजेरीपटात बोट फिरवले आणि म्हणाले, "शंभर टक्के. कमाल आहे. दोनशे सत्तावीसला बोलवा."

माझी छाती भरून आली. इतक्या जणांतून नेमकी तीच निवडली गेली होती.

एक पुरुष आला. उंच, खांदे उतरलेला, निळ्या रंगाने कोपरापर्यंत माखलेला.

"नाव?"

"शिवा पाटील."

"काय शिकलात ट्रेनिंगमध्ये?"

शिवाने सबनीसांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि सरळपणे म्हणाला, "साहेब, तं सगुणाला इचारा. तिला समदं येतं."

"सगुणा कोण?"

"माझी बायको. आमच्या घरातून तीच येत व्हती."

खोलीत पंखा फिरत होता. मला तो फिरण्याचे कारण आणि कार्य दोन्ही स्पष्ट ऐकू येत होते.

एकशे अठराला बोलावले. "आमच्यातून आज्या गेलेला. त्याची कंबर धरली का धाकला भावूस." तीनशे चार हा दाढीवाला फिटर निघाला, त्याच्या घरून वहिनी येत होती. सबनीस खुर्चीवर बसले. तेवढ्यात पुंडलिक म्हात्रे न बोलावता आत आला.

"साहेब, कोनी लबाडी केली नाय. डाक्टरांनी लिवलेलं, आलंच पायजे, नाय तर दंड. आमच्या बंधाऱ्याची पाळी अशीच हाय. उधाणाला खांड गेली, बंधारा फुटला, का घरटी एक माणूस. माती घेऊन उभा रायलाच पायजे. नाय आला तर दंड. माणूस कोन, त्यो घराचा प्रश्न. नवरा कामाला आसंल तर बायको येल, बायको बालंतीन आसंल तर सासरा येल. बंधारा कधी बोलतो काय, तूच का आलीस म्हणून?"

"पण हे ट्रेनिंग आहे!" सबनीस म्हणाले.

"मंग? एकबी घर चुकलंय काय? हजेरी बगा. तुमचं रोहेकर सोताच आलेले. त्यांना इचारा काय शिकले तं."

पुंडलिकाचा पक्ष अभेद्य होता. मी त्याला खोडण्याचा प्रयत्न मनातल्या मनात आजही करतो.

मी लेबलांची मनाशी तयारी केली. 'निळा, क्रमांक चार. उन्हापासून दूर ठेवावा.' परंतु ऑडिटरांनी पाटीवर बराच वेळ लिहून मान वर केली. त्यांनी सांगितले, की ते कागद तपासतात. कार्यपद्धतीत लिहिले आहे, क्रमांक पुकारावा; क्रमांक पुकारला गेला आहे. क्रमांकाने उत्तर द्यावे; उत्तर आले आहे. उत्तर देणारा तोच इसम असावा, असे कार्यपद्धतीत कुठेही लिहिलेले नाही. "किरकोळ निरीक्षण नोंदवतो," ते म्हणाले. "यापुढे बिल्ल्यावर फोटो लावा."

कंपनीला प्रमाणपत्र मिळाले. सबनीसांना बढती मिळाली. मला खोली मिळाली: फळा, पंखा, सगळे. दारावर माझे नाव आहे, बरोबर शुद्धलेखनात. दर मंगळवारी आणि गुरुवारी तिथे रोह्याचे आणि पेणचे कामगार, छातीवर आपापले फोटो लावून, स्वतः जातीने येतात. फोटोंत सर्वांचे डोळे उघडे आहेत.

मी शिकवतो. आम्लात पाणी ओतू नये. डोंगरावर आग आहे. पटले? कोणी 'व्हय' म्हणत नाही, कोणी 'नाय' म्हणत नाही. शिवा पाटील दुसऱ्या रांगेत बसतो. मी एकदा त्याला, जाता जाता, सहज म्हणून विचारले, "घरी सगळे बरे?" तो दचकून जागा झाला आणि म्हणाला, "हाय सर. दोनशे सत्तावीस." ज्याची एकोणीस वर्षे वाट पाहिली ते मिळाले, फक्त ज्यांच्यासाठी ते हवे होते, त्यांना आत यायला आता मनाई आहे. त्या मनाईच्या पाटीचे भाषांतर मीच केले.

चंद्रावतीकाकूंनी सल्ला दिला, की झाले ते चांगल्यासाठीच. मी त्यांना विचारले, की यात हेतू कोणता? त्या म्हणाल्या, "तुम्ही लग्न करायला हवं होतं."

जानेवारीतली गोष्ट. सकाळची गाडी पेणहून निघाली आणि नेहमीप्रमाणे कासूला थांबली. कासूला ती जेमतेम दोन मिनिटे थांबते. मी पुस्तकात होतो.

"सर! ओ सर!"

फलाटावर चार-पाच बायका मिठागरावर निघालेल्या. डोक्यावर रिकाम्या पाट्या, पायांत जुने बूट. त्यांतली एक खिडकीशी आली. पेन्सिल नव्हती, तरी ओळखली. चष्म्याचा नंबर आता बरोबर होता.

"सगुणाबाई!"

"तुमी बोललेले, खोट्या कारनाच्या पाच जाती. दोनच झाल्यान. आमच्या ह्यांना इचारलं, पुढलं काय शिकवलं, तर बोलतो, पंखा गार हाय." बाकीच्या हसल्या. "मंग तीन कवा?"

इंजिनाने शिटी दिली. तिसऱ्या जातीला मी माझ्या योजनेत साडेतीन पाने दिली होती.

"ऐका," मी खिडकीच्या गजाला धरून म्हटले. "एक कारण एक गोष्ट सिद्ध करते. तेवढ्याच जोराचे दुसरे कारण बरोबर उलट सिद्ध करते. दोन्ही एकमेकांना अडवून धरतात. समजा, कोणी म्हणाले, ही बाई माझी विद्यार्थिनी आहे, कारण तिने मन लावून ऐकले. दुसरा म्हणाला, ती विद्यार्थिनी नाही, कारण हजेरीत..."

गाडी हलली. सगुणा बरोबर चालू लागली.

"पण सर," ती म्हणाली.

मी थांबलो. गाडी थांबली नाही.

"पण सर, त्यांतला एकजन हजेरी बगून बोलतो, आन एकजन सोता वर्गात व्हता. मंग दोगांचा जोर सारका कसा?"

फलाट संपत आला होता. तिने पाटी एका हाताने सावरली आणि दुसरा हात उंच करून मला बोटे दाखवली: दोन. उरल्या दोन.

मिठागरे वैशाखापर्यंत चालतात. मी आता रोज फलाटाच्या बाजूच्या खिडकीशी बसतो, आणि पुस्तक पेण सोडतानाच मिटून ठेवतो.